बाई, गॅलरीतल्या त्या पंधरा मिनिटांबद्दल

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

नारायण पेठेतली तुमच्या पार्लरची पाटी उतरल्याचं कळलं आणि तुमच्याकडे मेकअप शिकलेल्या शनिवारच्या बॅचमधल्या आम्ही सगळ्याजणींनी ठरवलं, आभार आता लेखीच मानायचे, तेही चारचौघांत. तोंडावर मानले असते तर "पुरे, ब्रश धुतलेत का?" एवढंच विचारलं असतंत.

पहिले आभार त्या गॅलरीचे. लग्नाच्या मेकअपच्या ट्रायलला आलेली मुलगी दिव्यांच्या आरशासमोर बसू लागली की तुम्ही तिला उठवायचात आणि बाहेर स्टुलावर बसवायचात. सकाळी अकरा वाजता यायचं, चेहऱ्याला काही न लावता यायचं, ही अट फोनवरच घातलेली असायची. मग जबड्याच्या कडेवरून मानेकडे उतरणाऱ्या फाउंडेशनच्या तीन पट्ट्या, करंगळीएवढ्या रुंद: एक अंदाजाची, एक तिच्याहून फिकी, एक गडद. त्यानंतर चहा. पंधरा मिनिटं पट्ट्यांना बोट लावायचं नाही, कारण फाउंडेशनमधला पातळ भाग उडून गेला आणि त्वचेचं तेल त्यात मिसळलं की रंग थोडा गडद होतो. बाटलीतून काढल्या काढल्या जुळलेली शेड चहा संपेपर्यंत बदललेली असते. कप खाली ठेवला की हातात आरसा: "जी पट्टी दिसत नाही, ती तुझी."

तुळशीबागेत मनगटावर पट्टी ओढून शेड घेणाऱ्यांची चूक नेमकी कुठे होते, हे यातूनच कळलं. मनगटाची आतली बाजू ऊन खात नाही, ती चेहऱ्याहून उजळ असते. त्यात दुकानातला दिवा कधी पिवळा, कधी निळसर. बाटली घेऊन चार पावलं बाहेर उजेडात यायचं, एवढाच त्यावर उपाय.

सोबत आलेली आई किंवा मावशी हमखास म्हणायची, "एक शेड उजळ घ्या की हो." तुमचं उत्तर ठरलेलं: "घेते. मग मानेचं काय करू? कानांचं? हातांचं?" त्यांना पटलं नाही तर अर्ध्या चेहऱ्यावर उजळ शेड लावून दाखवायचात. फिक्या शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा भाग जास्त असतो आणि गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तो राखेसारखा दिसतो. गॅलरीत ते कुणालाही दिसतं, समजावून सांगावं लागत नाही.

आणि चहाच्या त्या पंधरा मिनिटांत मुली बोलायच्या. बायोडेटातल्या 'वर्ण' या रकान्यात 'निमगोरा' लिहायचं की 'गव्हाळ', यावर घरात झालेली चर्चा. लावलं तर 'नटवी', नाही लावलं तर 'गबाळी'. फोटोत मी मीच वाटत नाही. रोज काजळ घालणारी एक दिवस तशीच ऑफिसला गेली की तीन जण विचारतात, "बरं नाही का?" याचं कारण तुम्ही किती सरळ सांगितलंत: काजळाने डोळ्याची कड गडद होते, बघणाऱ्यांच्या नजरेला त्या गडदपणाची सवय झालेली असते, तो गेला की चेहरा थकलेला वाटतो. चेहऱ्याला काही झालेलं नसतं. ज्यांना सवय मोडायची आहे त्यांनी एकदम बंद न करता आधी खालच्या पापणीचं काजळ सोडावं, आठवड्याने वरच्या पापणीची रेघ अर्धी करावी. लोक विचारायचे थांबतात.

तुमचा प्रश्न एकच असायचा: "हे कुणाला हवंय?" उत्तर "मला" आलं तर तुम्ही लालभडक लिपस्टिकलाही कधी नाक मुरडलं नाहीत. "सासूबाईंना", "फोटोग्राफरला" असं आलं की ब्रश खाली. जिला काहीच नको असायचं तिचं 'नको' ही तुमच्या लेखी ऑर्डरच होती, आणि तिचे पैसेही तुम्ही कमी लावायचात. (हे इथे लिहिल्याबद्दल आमच्यातल्या काहीजणी रागावतील.) सनस्क्रीन, भुवया फक्त विंचरून, ओठांवर व्हॅसलीनचं बोट आणि नाकाच्या बाजूला लाली असेल तिथे मुगाएवढं कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारं दाट क्रीम. सनस्क्रीन मुरायची वाट सोडली तर सात मिनिटं. ज्याला हल्ली 'नो-मेकअप लुक' म्हणतात त्याला याच्या चौपट वेळ आणि डझनभर बाटल्या लागतात, ही गंमत तुम्हीच दाखवलीत.

सनस्क्रीनचं मापही तुमचंच: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेलं असतं म्हणून सनस्क्रीन गाळणाऱ्यांना तुम्ही हेच माप दाखवायचात. तेवढं फाउंडेशन कुणी थापत नाही, त्यामुळे लिहिलेलं संरक्षण मिळतही नाही. सनस्क्रीन लावून पंधरा मिनिटं थांबायचं. घाई केली की स्पंजाखाली त्याच्या मळासारख्या गोळ्या सुटतात आणि मग सगळं पुसून पहिल्यापासून.

डोळ्यांखालच्या काळेपणावर आमच्या हातून सगळ्यात जास्त चुका व्हायच्या. निळसर करड्या खळग्यावर फिकं कन्सीलर चढवलं की तो उजळत नाही, राखाडी होतो. आधी केशरी करेक्टर, म्हणजे निळसरपणा मारणारं रंगीत क्रीम, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं, फक्त काळ्या रेघेत. फुगीर भागावर अजिबात नाही, कारण फुगवटा उजळला की आणखी पुढे येतो. अनामिकेने टिपायचं, कारण त्या बोटाचा जोर कमी. वर फाउंडेशन इतकं पातळ की केशरी जेमतेम झाकलं जाईल. अख्ख्या चेहऱ्याला दोन हरभऱ्यांएवढं पुरतं: स्पंज ओला करून घट्ट पिळायचा, नाकाच्या बाजूंपासून सुरुवात करून कानांकडे जाताना संपवायचं. घासायचं नाही, टिपायचं. शेवटी पावडर लावली की फोनचा फ्लॅश पाडून एक फोटो. काही बारीक पांढऱ्या पावडरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो. हे कार्यालयात अल्बमवाल्याकडून कळण्यापेक्षा आरशासमोर कळलेलं बरं.

मराठी लग्नाचा मेकअप परदेशी व्हिडिओ बघून का जमत नाही, हे तर तुमच्याशिवाय कुणी सांगितलंच नसतं. आदल्या दिवशी हळद लागते आणि ट्रायलला जुळलेली शेड मुहूर्ताला जुळत नाही. हळदीतला पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून कोमट खोबरेल दोन मिनिटं हलक्या हाताने चोळायचं, सुती फडक्याने पुसायचं, मग सौम्य फेसवॉश. उरला पिवळेपणा तर पुन्हा एकदा. खायचा सोडा लावायचा नाही: हळद लालसर होते आणि कातडी कोरडी पडते ती वेगळीच. मुंडावळ्या कानशिलांवर घासतात, तिथे फाउंडेशन नावापुरतं आणि पावडर दाबून. चापाची नथ नाकपुडीवर जिथे बसते तिथे काहीच लावायचं नाही, नाहीतर नथ सरकत राहते आणि मुलगी दर दोन मिनिटांनी नाकाला हात लावते. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येणारच. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काजळ भरलं असेल तर ते पाण्याबरोबर गालावर उतरतं, म्हणून रेघ पापण्यांच्या मुळाशी, बाहेरून. आणि संध्याकाळी डीपी रस्त्यावरच्या एखाद्या लॉनवर रिसेप्शन असेल तर सकाळच्या थरावर थर नाही. टिश्यूने तेल टिपायचं, चेहऱ्याचा मधला भाग पुसून तेवढाच नव्याने करायचा.

रोजच्या पुण्याचंही तुम्ही विसरला नाहीत. दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये बांधणाऱ्या मुलींना हनुवटीवर आणि जबड्यावर पुटकुळ्या येतात आणि दोष क्रीमला जातो. घाम, घर्षण आणि कालचाच स्कार्फ, हे खरं कारण. दोन सुती स्कार्फ आलटून पालटून, रोज धुतलेले. खाली फक्त सनस्क्रीन, बाकीचं ऑफिसला पोचल्यावर. टँकरच्या जड पाण्याने चेहरा ओढल्यासारखा होत असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा, एक तांब्या पुरतो.

सगळ्यात मोठे आभार मात्र तुम्ही परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांबद्दल. 'गोरं करणारं' क्रीम महिनोन्‌महिने लावून आलेली मुलगी तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या ओळखायचात. गाल चमकदार पण लाल, बारीक रक्तवाहिन्या दिसणाऱ्या, कानाजवळ लव वाढलेली, उन्हात गेलं की जळजळ. ट्यूब पर्समधून काढायला लावून त्यावरची नावं आम्हाला मोठ्याने वाचायला सांगायचात: बीटामेथाझोन, क्लोबेटासॉल, मोमेटाझोन. ही स्टेरॉइडं. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो, आणि हाच सापळा. नंतर कातडी पातळ होते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. २०१८ मध्ये अशी बरीच क्रीम शेड्यूल एचमध्ये गेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती पर्समध्ये सापडतच होती. अशा चेहऱ्यावर तुम्ही फेशियल, ब्लीच, वाफ काहीही केलं नाहीत. "आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, क्रीम आपल्या मनाने सोडूही नकोस," म्हणून चिठ्ठी लिहून द्यायचात. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही ती तर तुम्ही हातातही घेत नव्हतात, कारण तसल्या डब्यांत पारा निघतो. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं, तेव्हा तुम्ही इतकंच म्हणालात, "बायोडेटातला रकाना कधी जातोय बघू."

एका बाबतीत आमचं तुमच्याशी जमलं नाही, तेही लिहून टाकतो. घरचं म्हणजे निर्धोक, असं तुम्ही जरा जास्तच मानायचात. उटण्याबद्दल तक्रार नाही. नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद वस्त्रगाळ करून दुधात कालवलं तर वर्षातून चार अभ्यंगस्नानांना कुणाचं काही बिघडत नाही. जाडसर मसूर पीठ रोज घासलं तर मात्र बिघडतं. आणि लिंबू तर नकोच. लिंबाचा रस चेहऱ्यावर ठेवून उन्हात गेलं की त्यातल्या काही द्रव्यांमुळे कातडी भाजल्यासारखी होते, आणि मागे राहणारे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. 'नैसर्गिक' हा शब्द ऐकला की तुमची ती तीन पट्ट्यांची परीक्षा आम्ही त्यालाही लावतो: कानामागे थोडंसं, दोन दिवस वाट, मग चेहरा.

टिकलीचं मात्र तुमचंच खरं ठरलं. कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा पांढुरका डाग घेऊन बायका यायच्या आणि तुम्ही आधी टिकल्यांचं पाकीट मागायचात. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असतं, ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. डाग दिसताच टिकली बंद, आणि डॉक्टर. जिला कपाळ मोकळं ठेवायचं आहे तिने ते मोकळं ठेवावं, कुणाला उत्तर द्यायचं नाही. जिला ठेवायचं नाही तिच्यासाठी तुमची ती पितळी डबी: आधी करंगळीने मेणाचा गोल टिकला, त्यावर पिंजर, फुंकर मारून जादा उडवायची, कड ओल्या कापसाने सारखी करायची.

ती डबी तुम्ही जाताना आमच्याकडे ठेवलीत आणि त्यातलं मेण आता तळाला लागलंय. प्रमाण तुम्ही कधी सांगितलं नाहीत, नुसतं "नखाने खरवडलं की निघालं पाहिजे" म्हणालात. मधमाशीचं मेण एक भाग आणि खोबरेल तीन भाग घेतलं तर मे महिन्यात दुपारी मऊ पडून कपाळावर पसरतं. दोन भाग घेतलं तर डिसेंबरात सकाळी नख मोडतं. म्हणून होळीपासून पावसापर्यंत दोन, दिवाळीनंतर तीन, असं सध्या धरलंय. चुकत असेल तर कळवा.

आपल्या,
शनिवारच्या बॅचच्या विद्यार्थिनी
पुणे

ता. क. ब्रश धुतलेत.