हायड्रोपोनिक चारा : वजनाला भुलू नका

संपादक महोदय,

बंद खोलीत, मातीविना, आठ दिवसांत हिरवा चारा देणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा ‘एक किलो मक्यापासून सहा किलो चारा’ या हिशेबावर विकल्या जातात. वजन खोटे नाही, पण त्यात बहुतेक पाणीच! किलोभर मक्यात सुमारे ९०० ग्रॅम शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) असतो. सहा किलो चाऱ्यात तो १३ टक्के धरला तरी ७८० ग्रॅम भरतो. बाकीचा मुख्यतः कोंबांच्या श्वसनात खर्च होतो. म्हणून दुधाचा हिशेब शुष्क पदार्थावर करावा आणि कडबा बंद करू नये. चाऱ्याची चव व पचनीयता मात्र चांगली असते.

खरा शत्रू बुरशी. फुटके आणि पाण्यावर तरंगणारे दाणे काढून टाका, बारा ते चोवीस तास भिजवा, गोणपाटात दिवसभर मोड आणा, मग ट्रेमध्ये एक-दीड सेंटिमीटरचाच थर द्या. जाड थर आतून तापतो. ट्रेची भोके बुजली की पाणी साचून मुळे कुजतात. फॉगरचे (धुक्यासारखे पाणी फवारणाऱ्या साधनाचे) नोझल चोंदले की कोपरा वाळतो. टायमर हे दोन्ही ओळखत नाही, रोज डोळ्यांनीच पाहावे लागते. भारनियमनात पंखा थांबला तर दमट हवा कोंडते, तेव्हा इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरा.

पेरणीचे औषध लावलेले रंगीत बियाणे कदापि वापरू नये. बुरशी लागलेला ट्रे वरून कापून न देता अख्खा फेकावा.

– एक पशुपालक वाचक