आईच्या पायाच्या जखमेबद्दल

प्रिय आई,
सा. न.

दादाने पाठवलेला फोटो पाहिला. घोट्याच्या आतल्या बाजूला जखम, भोवती तपकिरी पडलेली कातडी आणि संध्याकाळी चढणारी सूज. इथे ड्युटीवर मी असे पाय रोज बघते. फोटोवरून निदान करणं बरं नव्हे, पण ही जखम शिरांच्या दुखण्याची वाटते. तसं असेल तर नुसती मलमं बदलून ती भरायची नाही गं.

पायातलं रक्त वर चढताना मागे फिरू नये म्हणून शिरांना झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, पाणी झिरपून सूज येते आणि साधं खरचटलेलंही महिनोन्‌महिने ओलं राहतं. म्हणून पायाला बाहेरून दाब देणारा कॉम्प्रेशनचा मोजा घालायचा. तो घोट्यापाशी सगळ्यात घट्ट आणि वर सैल होत गेलेला असतो. जखम भरायला घोट्यापाशी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरएवढा दाब लागतो; प्रवासात घालतात ते मोजे त्यापुढे फार हलके. ब्रिटनमध्ये २०१४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुहेरी, म्हणजे एकावर एक असे दोन, मोजे घालणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ९९ दिवसांत भरल्या, चार थरांचं बँडेज बांधणाऱ्यांच्या ९८ दिवसांत. म्हणजे मोजे कमी पडत नाहीत, पण तीनेक महिने धीर धरायला हवा.

"घट्ट घातलं तर रक्तच थांबेल," ही तुझी भीती अगदी खोटी नाही. म्हणून आधी डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी, करून घे. घोट्यापाशी मोजलेला बीपीचा वरचा आकडा भागिले दंडावर मोजलेला वरचा आकडा, हे ०.८ ते १.३ च्या दरम्यान आलं तर इतका दाब सहसा चालतो. ०.५ च्या खाली आलं तर मोजा अजिबात नको, आधी धमन्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. तुला शुगर आहे, त्यामुळे धमन्या कडक होऊन आकडा फसवा चांगला येऊ शकतो. पायाच्या बोटाचं प्रेशरही बघायला सांग.

मोजा सकाळी उठल्याउठल्या, सूज चढायच्या आत घालायचा. जखमेवर ड्रेसिंग, त्यावर आतला पातळ मोजा, मग घट्ट मोजा. घट्ट मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी पाऊल आत घालून टाच नीट बसवायची आणि मग थोडा थोडा वर सरकवायचा. वरची कड ओढून दुमडायची नाही. त्या घडीचा करकोचा पडतो. बाबांना म्हणावं, हातात रबरी मोजे घाला, पकड छान बसते. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखायला लागली तर लगेच काढ.

दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवू नकोस. चालत राहा, पोटरी हलली की रक्त वर चढतं. आणि जखम भरली तरी मोजा सोडायचा नाही, नाहीतर ती पुन्हा उघडते.

डॉपलर झालं की दोन्ही पायांचे आकडे दादाला लगेच कळवायला सांग. त्यानंतरच मोज्याचं माप घेऊ.

तुझी,
ताई