ताई, सोनूची ही सर्दी साधी वाटत नाहीये

प्रिय ताई,

काल व्हिडिओ कॉलवर सोनू बडबडत होता आणि मी नुसती त्याच्या हाताकडे बघत होते, पाच मिनिटांत चार वेळा त्याने तळहाताने नाक खालून वर चोळलं. माझ्या पोटात धस्सच झालं गं, कारण गेल्या वर्षी आमची सई अगदी अस्संच करायची, तिच्या नाकावर तर आडवी बारीक रेघ उमटली होती आणि मला वाटायचं उशीचा वळ असेल.

तीन आठवडे झाले, ताप नाही, नाकातून पाण्यासारखं पातळ येतंय, डोळे खाजतात, सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आटपते आणि तिच्यात डोळे एवढे खाजत नाहीत. मला तर ही परागकणांची ॲलर्जीच वाटतेय, म्हणून प्लीज उरलेलं अँटिबायोटिक परत सुरू करू नकोस, ते जंतूंवरचं औषध, इथे काय करणार? आणि ते गुंगी आणणारं जुनं सिरप पण नको, पोरं शाळेत पेंगतात. डॉक्टरांना सेटिरिझिन किंवा लोराटाडिन या कमी गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधांचं विचार, डोस वयाप्रमाणे तेच ठरवतील.

सईला खरा फरक पडला तो नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेने. पण मी चौथ्या दिवशीच बंद केला होता, नंतर कळलं की तो रोज मारायचा असतो आणि पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे जातात. मारताना नळी मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या बाजूला वळव, नाहीतर घोळणा फुटतो.

खेळून आला की लगेच कपडे बदल आणि झोपायच्या आधी डोक्यावरून आंघोळ, नाहीतर केसांतले परागकण उशीवर येतात आणि पोरगं रात्रभर तेच हुंगत झोपतं. चादरी बाहेर वाळत घालू नकोस, वारा सुटला की खिडक्या बंद.

रात्री खोकला येतो का गं? छातीत शिट्टीसारखा आवाज? तसं असेल तर थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना दाखव, बाबांना दमा आहे म्हणून मला जास्त धाकधूक. आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर तडक हॉस्पिटल.

आजपासून कॅलेंडरवर लिहीत जा, त्रास कधी झाला, कुठे गेल्यावर वाढला. सईच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच विचारलं आणि मला एक तारीख सांगता आली नाही. रविवारी फोन करते, त्याचं नाक जरा जवळून दाखव.

तुझी,
छोटी