जपानला जायला झेंडा कशाला पाहिजे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत परदेश सहलींवरचा लेख वाचला. जपानच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी, आणि त्यात सल्ला काय तर भाषेची अडचण आणि जेवणाचे हाल बघता पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गपचूप ग्रुप टूर घ्यावी. जेवणाचं मान्य. भाषेचं अजिबात मान्य नाही. मी आणि आमच्या वन्सं, दोघी साठी ओलांडलेल्या, दोघींचं इंग्रजी बँकेच्या काउंटरपुरतं, गेल्या नोव्हेंबरात आपल्या आपण जाऊन आलो आणि तेव्हापासून प्रतापनगरातली निम्मी मंडळी भाजी घेताना सुद्धा मला गाठून विचारून राहिली की टूर घेऊ का एकटे जाऊ, म्हणून म्हटलं पेपरातच लिहून टाकावं एकदाचं.

आधी भाषेचं घ्या. जपानी लिपी आपल्याला वाचता येत नाही हे खरं, पण वाचावी लागते कुठे? टोकियोच्या मेट्रोत प्रत्येक लाइनीला रंग आणि अक्षर आहे आणि प्रत्येक स्टेशनाला नंबर. गिन्झा लाइन घ्या, शिबुया म्हणजे जी ०१ आणि पार दुसऱ्या टोकाचं असाकुसा जी १९, मधली सगळी ओळीनं. नंबर वाढून राहिले का कमी होऊन राहिले एवढं पाह्यलं तरी उलट्या गाडीत बसलो का ते कळतं. पाट्यांवर इंग्रजी असतं, आणि गूगल मॅप्स तर कुठला प्लॅटफॉर्म, कितवा डबा, कोणत्या नंबरच्या एक्झिटनं बाहेर पडायचं इथपर्यंत सांगतं. तिकिटासाठी सुइका नावाचं कार्ड मिळतं, आपल्या नागपूर मेट्रोच्या महाकार्डासारखंच, पैसे भरा आणि गेटवर टेकवा, फक्त ते बसमध्ये, लोकलमध्ये, कोपऱ्यावरच्या दुकानात, कोल्ड्रिंकच्या मशीनवर सगळीकडे चालतं आणि टोकियोत घेतलेलं ओसाकातही चालतं. शिंजुकु स्टेशनात मात्र जपून, दोनशेच्या वर एक्झिट आहेत बाप्पा, तिथे आधी नंबर बघायचा आणि मगच पाऊल टाकायचं.

आता टूरमध्ये काय होतं ते बघा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बुलेट ट्रेनचा अनुभव असं लिहिलेलं असतं, तो कार्यक्रम जरा चष्मा लावून वाचा. कितीतरी टूरमध्ये तो एखाद-दोन स्टेशनांपुरता असतो आणि बाकी सगळं अंतर बसनं, कारण चाळीस माणसं आणि चाळीस बॅगा घेऊन शिंकान्सेनमध्ये, म्हणजे त्या बुलेट ट्रेनमध्ये, चढायचं कसं, मधल्या स्टेशनात गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते. टूरवाल्यांना दोष देत नाही, त्यांचं गणितच तसं आहे. पण ज्या देशानं १ ऑक्टोबर १९६४ ला, टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर, ही गाडी सुरू केली तिथे जाऊन आपण हायवेवरच्या बसमध्ये डुलक्या काढायच्या? टोकियोहून क्योतो नोझोमी गाडीनं सव्वादोन तास, भाडं १४,००० येनच्या आसपास म्हणजे हल्लीच्या भावानं आठ हजार रुपये. स्वस्त नाहीच. पण तेवढ्यासाठी जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस जपान रेल्वेनं हवं तेवढं फिरायचा पास, घ्या असं जे चार वर्षांपूर्वी जाऊन आलेले लोक सांगतात त्यांचं ऐकू नका, ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनचा एकदम ५०,००० येन झाला. टोकियोत उतरायचं, क्योतो आणि हिरोशिमा करायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून बँकॉक नाहीतर सिंगापूरमार्गे परत यायचं, एवढाच बेत असेल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात, शिवाय टोकियोला उलटं जायचा दिवसही वाचतो.

बॅगांची काळजी सगळ्यांना. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग असेल तर त्या गाडीत सामानाच्या जागेसकट सीट आधी बुक करावी लागते. आम्ही त्या भानगडीतच पडलो नाही, बॅगा ताक्क्युबिननं पाठवल्या, म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता दाखवायचा, दोन-तीन हजार येन द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी बॅग क्योतोत हजर. एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवले की झालं. चाळीस जणांच्या लॉबीत पहाटे सहाला बॅग काढून ठेवायची कटकट नाही.

आणि पहाट म्हणाल तर ती मला माझ्या कामासाठी पाहिजे होती. क्योतोचं फुशिमी इनारी, ते लाल कमानींच्या रांगा असलेलं देऊळ, त्याला तिकीट नाही आणि ते चोवीस तास उघडं असतं. उजाडता उजाडता गेलो तर कमानींखाली आम्ही दोघी, झाडूवाला आणि एक मांजर. निवांत बसत, उठत, अर्ध्या डोंगरावरच्या योत्सुत्सुजी चौकापर्यंत चढलो, तिथून अख्खं क्योतो दिसतं. खाली उतरलो तोवर बसेस लागल्या होत्या आणि टूरवाल्या गाइडांच्या झेंड्यामागे झेंडा, त्यातली आपली मराठी मंडळीही दिसली, बिचारे पहिल्याच कमानींत फोटो काढून मागे फिरून राहिले होते कारण अकराला पुढचं ठिकाण. २०२४ मध्ये जपानात ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे आले म्हणे, आणि त्यातले निम्मे त्या दिवशी क्योतोत असावे असं मला वाटलं. एवढ्या गर्दीत बघायचं काय याच्याइतकंच बघायचं कधी हे महत्त्वाचं आहे, आणि ते 'कधी' टूरमध्ये आपल्या हातात नसतं.

बरं, आता जेवण. इथे मात्र लेख बरोबर आहे, उलट कमीच लिहिलंय. जपानात मांस टाळणं जमतं, मासा टाळणं महाकठीण, कारण दाशी नावाचं जे पाणी त्यांच्या स्वयंपाकाच्या मुळाशी आहे ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाच्या कीसापासून करतात. मिसो सूपमध्ये ते, उदोनच्या रश्श्यात ते, भाजी उकडली त्यात ते, अंड्याच्या गोड वळकटीत सुद्धा ते. वेटरला व्हेज विचारलं तर तो प्रामाणिकपणे हो म्हणतो कारण दिसायला त्यात मासा नसतोच. वन्सं पक्क्या शाकाहारी, माझं तसं नाही, मी सावजी खाणारी, त्यामुळे एकीचं पोट रोज भरायचं आणि दुसरीची रोज शोधाशोध. त्यावर आमचा उपाय असा होता की सकाळी खोलीतच थेपले, चटणी, मेथीचे लाडू आणि फळं, दुपारी कन्व्हिनियन्स स्टोअरमधला उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, भात, त्याचा कागद आधी फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाचायचा, आणि रात्री भारतीय हॉटेल. ही हॉटेलं मोठ्या शहरांत भरपूर आहेत, चालवणारे बरेचदा नेपाळी, हिंदीत बोलतात, दाल तडका मागा आणि डोळे मिटून खा. फळं तिथलीच घ्या. नातेवाइकांसाठी म्हणून इथून संत्र्याची पेटी उचलू नका, तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं विमानतळावरच काढून घेतात, मांसाचे पदार्थ तर नाहीच नाही.

पण शाकाहारी माणसाला जपानमध्ये खरं सुख कुठे मिळत असेल तर कोयासानला. ओसाकाच्या नांबा स्टेशनातून नानकाई रेल्वे, शेवटी केबल कार, दोन तासांच्या आसपासचा रस्ता. डोंगरावर बौद्ध मठ आहेत, तिथे रात्री राहता येतं आणि जेवायला शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण, त्यात मांस-मासा नाही आणि कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू, डोंगरातल्या भाज्या, लोणचं, भात. वन्सं ताटापुढे अशा बसल्या जशा माहेरी आल्या. आता सांगा, मोठ्या ग्रुपच्या पहिल्या जपान टूरमध्ये कोयासान किती जण घेतात? मी इथे जेवढे कार्यक्रम मागवले त्यातल्या एकातही नव्हतं.

व्हिसाचं लोक उगाच घाबरवतात. इथल्या एका एजंटनं आम्हाला तोंडावर सांगितलं की टूर असल्याशिवाय दोन बायकांना जपानचा व्हिसा मिळत नाही. धादांत खोटं! एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, ९० दिवसांपर्यंत, अर्ज व्हिसा केंद्रामार्फत करायचा, आपला महाराष्ट्र मुंबईच्या वकिलातीखाली येतो. बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, विमानाचं बुकिंग आणि रोज कुठे राहणार त्याचा दिवसवार तक्ता लागतो. तो तक्ता करता करताच तुमची अर्धी ट्रिप प्लॅन होते, हा फायदा. मात्र विमानतळावर तो ई-व्हिसा फोनवर इंटरनेट लावून जिवंत दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापलेला कागद चालत नाही, तेव्हा ई-सिम आधी घेऊन ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या पुरतील एवढ्याच, चिठ्ठीसकट, आणि सर्दीच्या गोळ्या बघून न्या, स्यूडोएफेड्रिन जास्त असलेली औषधं तिथे बंद आहेत.

पैशाचं थोडंसं, कारण जन्म त्यातच गेला. टूरवाले जो टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात तो खर्च नाही, रिटर्न भरताना तो ॲडजस्ट होतो किंवा परत येतो, तेव्हा टूर आणि स्वतःचा हिशेब ताडून पाहताना तो आकडा बाजूला ठेवा. उलट जी गोष्ट नागपूरकरानं धरायलाच पाहिजे ती कोणी धरत नाही, जाहिरातीतली किंमत मुंबई ते मुंबई असते. इथून मुंबईचं विमान, पहाटेच्या फ्लाइटसाठी आदल्या रात्रीचा मुक्काम, परत येताना तेच, हे सगळं आपल्या खिशातून. नागपूरहून जपानला थेट विमान नाहीच, कुठेतरी विमान बदलावंच लागतं, पण मग आपण दिल्ली का धरू नये, जे स्वस्त ते घ्यावं, ही मोकळीक टूरमध्ये जाते.

कधी जायचं हेही टूरच्या कॅटलॉगवर सोडू नका. आपल्या शाळांना सुट्ट्या लागल्या की लोक एप्रिलच्या शेवटाला निघतात आणि नेमके गोल्डन वीकमध्ये सापडतात, २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास अख्खा जपान फिरायला बाहेर पडतो, हॉटेलं दुप्पट. त्यानंतर मे उत्तम आहे. जूनमध्ये पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये घामाच्या धारा, नागपूरच्या उन्हाला सरावलेल्यालाही ती दमट हवा सोसत नाही. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, पण भाव आणि गर्दी दोन्ही आभाळाला. मला विचाराल तर दिवाळी आटोपून निघा, क्योतोत नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मॅपल लाल होतात.

टूर कोणी घ्यावी? ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी, कारण बस दाराशी सोडते आणि स्टेशनातली लिफ्ट हमखास दुसऱ्या टोकाला असते. जे जैन पद्धतीचं खातात त्यांनी, सोबत स्वयंपाकी महाराज असलेली टूर मिळाली तर जरूर. आणि ज्यांना फोनचा नकाशा बघायचाच कंटाळा आहे त्यांनीही, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी मधला रस्ता धरावा. फुजी पर्वत आणि हाकोनेसाठी टोकियोहून एका दिवसाची बस टूर मिळते ती घ्यावी, कारण तिथे गाड्या बदलायची कटकट फार आहे (आणि फुजी दिसेल याची खात्री टूरवालाही देत नाही, ढग त्याचे ऐकत नाहीत), क्योतोत एखादा दिवस स्थानिक गाइड घ्यावा, आणि हिरोशिमा मात्र कोणासोबतही घाईत करू नये. शांती संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळच्या शाळकरी मुलांच्या वस्तू ठेवल्यात, तिथे कोणी चला चला म्हणून हाक मारायला नको.

अजून एक, आपल्या गावाचं म्हणून सांगते. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर १९९९ मध्ये जपानी मदतीतून उभं राहिलं, आणि इंदोऱ्याच्या बुद्धविहारातून ज्यांनी अनेक दशकं काम केलं ते भदन्त सुरेई ससाई मूळचे ओकायामा प्रांतातले, ते ओकायामा क्योतो-हिरोशिमाच्या वाटेवरच आहे. नारा शहरातल्या तोदाईजी देवळातल्या महाबुद्धाचे डोळे इसवी सन ७५२ मध्ये उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं. दीक्षाभूमीच्या शहरातून जाणाऱ्या माणसाला हे कोणी सांगतं का? नाराला टूर थांबते ती हरणांना बिस्किटं खाऊ घालायला, मग घाईघाईत देऊळ.

तेव्हा संपादक साहेब, माझी एक विनंती. पुढच्या पुरवणीत हॉटेलांच्या जाहिरातींमध्ये थोडी जागा काढून एक चौकट छापा, कापून पाकिटात ठेवता येईल अशी. त्यात जपानी लिपीत लिहून घ्या की आम्ही मांस, मासे खात नाही आणि माशाची दाशीही चालत नाही. उच्चार खाली देवनागरीत, 'निकु तो साकाना वा ताबेमासेन, कात्सुओ दाशी मो दामे देस'. अक्षरं मोठी ठेवा, वाचणारे बरेचसे साठीचे असतील.

आपली,
एक निवृत्त बँकवाली,
प्रतापनगर, नागपूर