सोळा काड्या

गंगापूर रोड, नाशिक

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचवटी वेळेवर पोचल्याचं बाबांनी मोबाइलवर पाहिलं. तुझ्याकडून काही आलं नाही, म्हणजे राग अजून आहे असं धरते. चिवड्याचा डबा इथेच राहिला. मुद्दाम ठेवलास की विसरलीस, तुलाच ठाऊक. फोनवर आपण हल्ली 'जेवलीस का' आणि 'हो' यापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र.

एका चित्रपटापायी आई-लेकीनं पानावरून उठावं, हे माईंच्या हयातीत झालं असतं तर दोघींची धडगत नव्हती. पण माझं मत आजही तेच आहे. 'लास्ट इयर ॲट मारिएनबाद'ला 1961 साली व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला असेल. त्या परीक्षकांना दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गापुढे उभं राहायचं नव्हतं. दीड तास एक माणूस त्या बाईला सांगतोय, आपण मागच्या वर्षी भेटलो होतो, आणि ती म्हणतेय, नाही. मग भेटले होते की नव्हते? दिग्दर्शक रेने आणि लेखक रॉब-ग्रिये यांनीच याची दोन वेगळी उत्तरं दिली, हे तू किती खुशीत सांगितलंस! पेपर काढणाऱ्यांनी अशी दोन उत्तरं दिली असती तर आमच्याकडे फेरपरीक्षा घ्यावी लागली असती.

त्यावर तू म्हणालीस, फाळक्यांच्या गावात राहून सिनेमा बघता येत नाही तुम्हाला. अगं, 1917च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी एकट्या साळुंक्यांकडून राम आणि सीता दोन्ही करवून घेतले. तरी राम कोणता आणि सीता कोणती, हे बाहेर आल्यावर कुणाला विचारावं लागलं नसणार.

बागेतलं ते दृश्य मात्र मला आवडलं होतं. माणसांच्या लांबच लांब सावल्या आणि झुडपांना सावलीच नाही. सावल्या जमिनीवर रंगवल्या होत्या म्हणालीस, तेव्हा मी 'अरे वा' म्हणणार होते, तेवढ्यात तू 'तुला सगळ्याचं उत्तरच हवं असतं' म्हणून मोकळी झालीस.

समीर का आला नाही, हे मी विचारत नाहीये. दिवाळीलाही काम होतं, आताही असेल.

तू गेल्यावर मी स्वयंपाकघरातली काडेपेटी घेऊन बसले. तो खप्पड चेहऱ्याचा माणूस, बहुतेक तिचा नवराच (तेही धड सांगत नाहीत), काड्यांच्या खेळात सगळ्यांना हरवतो ना, त्यासाठी. एक, तीन, पाच, सात अशा चार ओळी. एका वेळी एकाच ओळीतून हव्या तेवढ्या उचलायच्या, शेवटची काडी ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. प्रत्येक ओळ चार, दोन आणि एक यांत फोडून बघ. सात म्हणजे चार, दोन, एक. पाच म्हणजे चार आणि एक. तीन म्हणजे दोन आणि एक. आता मोज: चार दोनदा, दोन दोनदा, एक चारदा. सगळं सम. पहिला खेळणारा काहीही उचलो, कुठेतरी विषम होणारच, आणि दुसऱ्याने ते पुन्हा सम करायचं. अगदी शेवटी एकेकट्या काड्याच उरायची वेळ आली की त्या विषम ठेवायच्या. दुसरा चुकला नाही तर पहिला हरणारच. बाबांना बसवून प्रत्येक डाव त्यांना आधी खेळायला लावलं. ते चिडले आणि वाचनालयात निघून गेले. त्या अख्ख्या चित्रपटात उत्तर असलेली एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती सुटल्यावर मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दहावीला भूमितीत तू काय करायचीस आठवतं? पक्ष लिहायचीस, साध्य लिहायचीस, मधल्या पायऱ्या गाळून थेट 'हेच सिद्ध करायचे होते'. अक्षर इतकं सुंदर की दुसऱ्या बाईंनी गुण देऊनही टाकले असते. मी कापायचे. तू रडायचीस आणि माई माझ्याशी बोलायच्या नाहीत. 'आमचं सगळं ठीक आहे' असं तू शनिवारी म्हणालीस ना, ते मला तसंच वाटलं.

चित्रपटाच्या शेवटी ती बाई नवऱ्याला सोडून जाते, तिथे तू टीव्ही थांबवलास आणि म्हणालीस, "बघ ना आई, किती शांतपणे निघते." चित्रपटातलं बाकी सारं मी विसरेन.

आता यावर मी चार गोष्टी सांगणार. संसारात दोघांनाही कमीपणा घ्यावा लागतो, तोंड मिटून बसलं की गाठ घट्ट होते, बाबा आणि मी 1994 साली किती महिने… जाऊ दे. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते. माफ कर. तू चौतीस वर्षांची आहेस.

त्या मालिकेच्या शेवटी संकलक म्हणून तुझं नाव येतं, ते फार पटकन जातं गं. मी टीव्ही थांबवून फोटो काढला आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. गायकवाड बाईंनी विचारलं, संकलन म्हणजे नेमकं काय करते? मी सांगितलं, काय ठेवायचं आणि काय कापायचं ते मनू ठरवते. मला तुझं कौतुक आहे. शनिवारी ते दिसलं नसेल.

तू काहीही ठरवलं असलंस तरी वरची खोली तुझीच आहे, तिथली बाबांची कागदपत्रं मी हलवते आहे. आणि काहीच ठरवलं नसलंस, मीच उगाच वेडी असेन, तर तेही एका शब्दात कळव. कारणं नकोत. दोनांपैकी कुठलं, एवढंच.

चिवडा शेजारच्या काकूंचा मुलगा गुरुवारी ठाण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवते. डबा परत कर, तो माईंचा आहे. पुढच्या रविवारी बाबांचा वाढदिवस आहे, भरली वांगी करणार आहे. किती माणसांची करू, ते शनिवारपर्यंत सांग.

तुझी
आई