ती रायफल पहिल्या महायुद्धातली नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या लष्करी रायफली विकणाऱ्या प्रदर्शनांवर लेख आला आहे. त्यातल्या छायाचित्राखाली ‘पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीने वापरलेली भारतीय बनावटीची एनफिल्ड’ असे छापले आहे, ते चूक आहे. चित्रातल्या रायफलीचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, खोक्यासारखे चौकोनी आहे, म्हणजे ती इशापूरची २ए१. १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्याने जुन्या ब्रिटिश एनफिल्डचाच आराखडा घेऊन ७.६२ मि.मी. नाटो काडतुसासाठी ही रायफल काढली. ते काडतूस नाटोने स्वीकारले १९५४ साली. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुटच्या वेढ्यात १९१५-१६ साली अडकलेल्या ११७ व्या मराठा पलटणीच्या हाती ही रायफल कुठून येणार?

दोष आपल्या वार्ताहराचा म्हणवत नाही. टेबलामागच्या माणसाने सांगितले, त्याने लिहून घेतले. ‘सांगितले’ या एका शब्दावरच हा सगळा बाजार चालतो, म्हणून हे पत्र.

मी आयुध निर्माणीच्या तपासणी विभागातून निवृत्त झालो. मुलगी ओहायोत असते आणि जावईबापूंना या प्रदर्शनांचा भारी नाद, त्यामुळे तिकडे गेलो की एखाद्या शनिवारी माझीही वरात निघते. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तर वर्षातून दोनदा चार हजारांवर टेबले मांडली जातात. तिथे सगळेच लबाड असतात असे मुळीच नाही. एकेका शिक्क्यावर तासभर बोलणारे, चूक दाखवली तर वहीत टिपून घेणारे म्हातारे मला तिथेच भेटले. पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर काय चालते, ते लेखात कुठेच नाही.

आपल्याच रायफलीचे घ्या. १९९० च्या दशकात भारतातून अमेरिकेत गेलेल्या एनफिल्ड तिथे मोडीच्या भावात विकल्या गेल्या. काहींची नळी कापून, तोंडाला गोळीचा जाळ झाकणारा नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर बसवून ‘जंगल कार्बाइन’ नावाची आखूड रायफल तयार झाली. आयातदारांनी ती तेव्हा नवी बनावट म्हणूनच विकली, लपवले काही नाही. पण दोन-तीन हात फिरल्यावर तीच ‘ब्रह्मदेशच्या जंगलात लढलेली’ होते. खरी जंगल कार्बाइन, म्हणजे नंबर ५ मार्क १, फक्त इंग्लंडमधल्या फझाकर्ली आणि शर्ली या दोन कारखान्यांत १९४४ ते १९४७ दरम्यान बनली, तीही .३०३ काडतुसासाठी. वजन कमी करण्यासाठी तिच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावर) आणि नळीच्या बुडाशी धातू खरवडून काढलेला असतो. वरचे लाकूड उचलून बघितले की पाच मिनिटांत निकाल लागतो. लाकूड उचलू देत नसतील तर निकाल त्याच्याही आधी लागला म्हणायचा.

अमेरिकनांची स्वतःची एम-१ कार्बाइनही यातून सुटलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात ती साठ लाखांवर बनली, आणि बनवणाऱ्यांत टाइपरायटरवाली अंडरवुड, आयबीएम, इतकेच काय, ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओलासुद्धा होती. छत्रीधारी सैनिकांसाठीचा घडीच्या दस्त्याचा एम-१ए१ प्रकार मात्र एकट्या इनलँड कंपनीने केला. आज घडीचे दस्ते नवे बनवून मिळतात. साध्या कार्बाइनला तसा दस्ता चढवला की किंमत दुपटीच्या पुढे जाते. दस्त्यासोबत ‘आजोबा नॉर्मंडीत उतरले होते’ हे फुकट मिळते. एकदा त्या रिसीव्हरवर मी चक्क दुसऱ्याच कंपनीचे नाव वाचून दाखवले, तर उत्तर आले, आजोबांनी लढाईत बदलून घेतली असेल!

जर्मन मौझर रायफलींत वेगळा खेळ. रशियनांनी जिंकून घेतलेल्या, सुटे भाग एकमेकांत मिसळलेल्या आणि नंतर कोरून क्रमांक जुळवलेल्या रायफली ‘सैनिकाने स्वतः घरी आणलेली’ म्हणून खपतात. रशियन मोसिन-नागाँ रायफलीला दुर्बीण लावली की ती स्नायपरची. या मोसिन २००० नंतरची काही वर्षे शंभर डॉलरच्या आत मिळत. आज त्या कित्येक पटींनी महाग आहेत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. माल संपला की भाव चढतोच. तक्रार आहे ती भावात मिसळलेल्या थापेबद्दल.

थाप पचते, कारण कागद नसतो. फेडरल कायद्यानुसार प्रदर्शनातल्या खासगी विक्रेत्यावर विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधन नाही (काही राज्यांचे नियम कडक आहेत, तो भाग वेगळा). पैसे रोख, पावती नाही, सोमवारी टेबल मोकळे. जावईबापूंनी एका विक्रेत्याला म्हटले, ‘मराठा पलटण, मेसोपोटेमिया’ हे पावतीवर लिहून द्या. त्याने लिहिले, ‘जुनी रायफल, आहे तशी’, आणि दोनशे डॉलर आपणहून उतरवले. उलट, अमेरिकेच्या सरकारी साठ्यातल्या जुन्या लष्करी गॅरंड रायफली विकणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था प्रत्येक रायफलीची प्रत ठरवून, नळी किती झिजली आहे हे सांगून, जाहीर किमतीत विकते. प्रदर्शनांच्या आयोजकांनी निदान एवढे करावे, की टेबलावरचा कोणताही ऐतिहासिक दावा सहीनिशी कागदावर हवा, नाहीतर चिठ्ठी काढून टाका.

हे मराठीत लिहितो, कारण तिकडे स्थायिक झालेली आपली मुले ‘आपल्या पलटणीची’ म्हटले की घासाघीस विसरतात. ती रायफल भारतात आणता येणार नाही, .३०३ आणि ७.६२ हे दोन्ही इथे नागरिकांना निषिद्ध बोअर आहेत. तिकडे ठेवायची तर दस्त्याच्या मानेवरची धातूची पट्टी वाचा. मुकुट आणि त्याखाली इंग्रज राजाची अक्षरे जी.आर.आय. असतील तर इंग्रजी अमदानी, अशोकस्तंभ आणि आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) असेल तर स्वातंत्र्यानंतरची. पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू गेलेला असेल तर निदान ते मजबुतीचे काम दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात झाले. पलटणीचा आकडा कोरलेला पितळी बिल्ला हा पुरावा धरू नका, तो नवा करून मिळतो.

लेखाच्या शेवटी ‘विकत घ्या आणि एकदा तरी गोळी झाडून बघा’ असा सल्ला आहे. तो मला सर्वांत जास्त खटकला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या १९०३ मॉडेलच्या रायफलीत ८ लाखांच्या खालचे क्रमांक ठिसूळ रिसीव्हरसाठी बदनाम आहेत. १९१८ पर्यंत तिथले कारागीर भट्टीतल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी बघून तापमान ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी रंग फिका दिसे आणि पोलाद जास्त तापे. यांतले काही रिसीव्हर गोळी झाडताना फुटले आहेत. विक्रेता हे सांगत नाही. एनफिल्डमध्ये बोल्टवरचा (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्यावरचा) आणि रिसीव्हरवरचा क्रमांक वेगळा असेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. तो नीट बसतो की नाही, म्हणजे हेडस्पेस, जाणकार गनस्मिथकडून गेजने मोजून घेतल्याशिवाय त्यात काडतूस भरू नये. हे शुद्धिपत्राबरोबर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त तपासनीस, अंबरनाथ