‘निंदा’, तटस्थ मत आणि दीडशे शब्दांचा प्रश्न

महोदय,

परदेशात युद्ध पेटले की ‘आपली संसद गप्प का?’ अशा आशयाची पत्रे वाचकांच्या सदरात येऊ लागतात. संसद गप्प नसते. प्रश्न विचारले जातात, उत्तरे येतात, आणि ती दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. वाचून हाती फारसे लागत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. तिचा सगळा दोष परराष्ट्र मंत्रालयाच्या माथी मारता येणार नाही. निम्मे काम प्रश्नाच्या मसुद्यातच बिघडलेले असते.

आधी अधिकार कोणाचा ते पाहू. परराष्ट्र व्यवहार, करार, युद्ध आणि शांतता हे विषय संघसूचीत आहेत आणि राज्यघटनेच्या ७३व्या अनुच्छेदानुसार त्यांवरचा कार्यकारी अधिकार केंद्राचा आहे. करार करायला, संयुक्त राष्ट्रांत मत द्यायला किंवा न द्यायला, इतकेच काय परदेशात फौज पाठवायलाही संसदेची आगाऊ संमती लागत नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली ती याच अधिकारात. ब्रिटनमध्ये २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरील लष्करी कारवाईचा प्रस्ताव कॉमन्स सभागृहाने २८५ विरुद्ध २७२ मतांनी पाडला. पण तिथेही आधी मतदान घेणे ही प्रथा आहे, कायद्याचे बंधन नव्हे. न्यायालयाचा दरवाजाही इथे उघडत नाही. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली, परराष्ट्र धोरण हा आपला प्रांत नाही असे सांगून.

मग संसदेच्या हाती उरतो तो शब्द. तो फुकाचा नसतो. ३१ मार्च १९७१ रोजी, म्हणजे ढाक्यातील कत्तल सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत, इंदिरा गांधींनी मांडलेला पूर्व बंगालवरील ठराव एकमताने संमत झाला. तिथल्या जनतेच्या लढ्याला भारतीय जनतेची मनापासून सहानुभूती आणि पाठिंबा राहील, अशी ग्वाही त्यात होती. पुढचे नऊ महिने सरकार त्या वाक्याला बांधले गेले.

दुसरे उदाहरण २००३चे. मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला आणि संसद पुन्हा भरताच विरोधकांनी ठरावाचा हट्ट धरला. वाजपेयी सरकारला मवाळ शब्द हवा होता, विरोधकांना कडक. गाडी अडली ती एका क्रियापदावर. तोडगा भाषेनेच काढला: हिंदी मसुद्यात ‘निंदा’, आणि इंग्रजीत ‘डिप्लोर’. हिंदीत तो शब्द धिक्काराच्या जवळ जातो, इंग्रजीतला खेदाच्या. दोन्ही बाजू खूश. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेत हा ठराव संमत झाला तेव्हा अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. (मराठीत ‘निंदा’ म्हटले की निंदानालस्ती आठवते; आपण मसुदा केला असता तर ‘निषेध’ की ‘तीव्र नापसंती’ यावर आणखी दोन दिवस गेले असते.) शब्दांचा हा कीस वाटेल, पण पुढे अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्याची एक डिव्हिजन मागितली, तेव्हा संसदेचा ठराव पटलावर होता. १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही असा निर्णय घेतला. एकट्या ठरावामुळे तो झाला असे नाही. पण ठराव नसता तर नकार देणे जड गेले असते, असे मला वाटते.

ठराव फसतो कसा, तेही पाहून ठेवावे. मार्च २०१३ मध्ये, तमिळांवरील अत्याचारांच्या संदर्भात, श्रीलंकेवरील मतदान जिनिव्हात मानवी हक्क परिषदेपुढे होते. संसदेच्या ठरावात ‘वंशसंहार’ हा शब्द यावा अशी द्रमुकची मागणी होती. १९ मार्चला त्यांनी सरकारचा पाठिंबा काढला, २० तारखेच्या सर्वपक्षीय बैठकीत एकमत झाले नाही, आणि २१ तारखेला जिनिव्हात भारताने श्रीलंकेविरोधी प्रस्तावाच्या बाजूने मत दिले. संसदेचा ठराव मात्र झालाच नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, भारत तटस्थ राहिला, २०२१ आणि २०२२ मध्येही. २०१३चे मत आणि २०१४चे मत यांत फरक का पडला, याचे उत्तर देण्यास सरकारला बांधील करील असा एकही शब्द संसदेने मागे ठेवलेला नव्हता. सर्वांत कडक शब्द धरून बसले की मधला शब्दही हातचा जातो.

आता रोजच्या हत्याराकडे, म्हणजे प्रश्नाकडे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितवर पूरक प्रश्न विचारता येतो, अतारांकितचे उत्तर फक्त लेखी पटलावर येते. वीसपैकी पाच-सहा प्रश्न तोंडी झाले तरी दिवस चांगला गेला म्हणायचे. परराष्ट्र मंत्रालयाचा वार लोकसभेत शुक्रवार, राज्यसभेत गुरुवार. शुक्रवारी गोंधळ झाला की आठवडा गेला. नोटीस पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते, मजकूर १५० शब्दांच्या आत, आणि मग सोडत. खरी चाळणी नियम ४१ची. प्रश्नात मत विचारता येत नाही, काल्पनिक परिस्थिती मांडता येत नाही, अमूर्त कायदेशीर मुद्द्याचा निवाडा मागता येत नाही आणि मित्रदेशाबद्दल असभ्य भाषा चालत नाही.

आता एक नेहमीचा मसुदा घ्या: ‘गाझातील मानवी हक्कांच्या उल्लंघनाबाबत शासनाची भूमिका काय आहे आणि शासन त्यास वंशसंहार मानते काय?’ दुसरा भाग मत विचारतो, तो सचिवालयातच गळतो. पहिल्या भागाला ठरलेला परिच्छेद येतो: ७ ऑक्टोबरच्या दहशतवादी हल्ल्याचा निषेध, नागरिकांच्या मृत्यूंबद्दल चिंता, ओलिसांची सुटका, संयम, संवाद, दोन राष्ट्रांचा तोडगा. सोबत मदतीचे आकडे: पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला वर्षाला ५० लाख डॉलर, सुमारे ७० टन मदतसामग्री, त्यात १६.५ टन औषधे. उत्तर खोटे नाही. प्रश्नच इतका सैल, की हे उत्तर त्यात नीट मावते.

हाच विषय वेगळ्या दाराने नेला तर? शस्त्रांच्या आणि दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर ‘स्कोमेट’ यादीचे नियंत्रण आहे. यादी परकीय व्यापार महासंचालनालयाची, पण तिच्यातल्या सहाव्या वर्गाचा, म्हणजे दारूगोळा आणि लष्करी सामग्रीचा परवाना देते संरक्षण उत्पादन विभाग. बहुतेक खासदार हा प्रश्न परराष्ट्र मंत्रालयाला विचारतात आणि फसतात. तो संरक्षण मंत्रालयाला असा विचारावा: ‘(अ) १ ऑक्टोबर २०२३ पासून सहाव्या वर्गातील मालाच्या इस्रायलला निर्यातीसाठी किती अर्ज आले, किती मंजूर व किती नामंजूर झाले, (ब) त्यांपैकी किती प्रकरणी अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र घेण्यात आले, (क) या काळात दिलेला एखादा परवाना स्थगित किंवा रद्द करण्यात आला काय, असल्यास, तारखा?’ यात मत नाही, विशेषण नाही, फक्त मोजता येणाऱ्या गोष्टी. ‘राष्ट्रहितास्तव माहिती देता येत नाही’ असे उत्तर येण्याचा संभव आहेच. पण ब्रिटन हेच परवाने देशवार दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करतो, असे पूरक प्रश्नात म्हणायला मग जागा होते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आले तर ते आश्वासन ठरते आणि तीन महिन्यांत पुरे करावे लागते. न केल्यास शासकीय आश्वासन समिती पाठीमागे लागते. सरकारला नको असलेली वाक्ये सरकारी उत्तरांतच दडलेली असतात, ती हेरणारा माणूस खासदाराच्या कार्यालयात हवा.

लेखी उत्तराकडे मंत्रालयात किती बारकाईने पाहिले जाते, याचा एक नमुना नोंदलेला आहे. शुक्रवार, ८ डिसेंबर २०२३ रोजी हमासला दहशतवादी संघटना ठरवण्याविषयीच्या अतारांकित प्रश्नाचे उत्तर पटलावर आले. खाली नाव परराष्ट्र राज्यमंत्री मीनाक्षी लेखी यांचे. त्यांनी जाहीर सांगून टाकले की, असा प्रश्न आणि असे उत्तर असलेल्या कुठल्याही कागदावर मी सही केलेली नाही. मंत्रालयाने मग तांत्रिक दुरुस्ती जाहीर केली: नाव दुसरे राज्यमंत्री व्ही. मुरलीधरन यांचे हवे होते. उत्तरात होते काय, तर संघटनेला दहशतवादी ठरवणे हे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली येते आणि संबंधित विभाग ते पाहतात, एवढेच. नावावरून दोन दिवस चर्चा झाली. मजकुरावर कोणी पुढचा प्रश्न विचारायचा, तो राहिला. त्याच अधिवेशनात १४६ खासदार निलंबित झाले. सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे त्यांत होते. निलंबित सदस्याचे प्रश्न यादीतून गळतात, हे आपल्याकडच्या बातम्यांत फारसे आलेच नाही.

सगळ्यात मोठी गळती मात्र कॅलेंडरची आहे. गाझाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील चार मतदाने घ्या. २७ ऑक्टोबर २०२३: मानवतावादी युद्धविराम मागणाऱ्या जॉर्डनच्या ठरावावर भारत तटस्थ, तत्पूर्वी हमासचा उल्लेख घालणाऱ्या कॅनडाच्या दुरुस्तीच्या बाजूने, ती दोन-तृतीयांश मतांअभावी पडली. १२ डिसेंबर २०२३: युद्धविरामाच्या बाजूने, १५३ देशांबरोबर. १२ जून २०२५: युद्धविरामाच्याच ठरावावर पुन्हा तटस्थ, जेव्हा १४९ देश बाजूने होते. १२ सप्टेंबर २०२५: दोन राष्ट्रांच्या तोडग्याविषयीच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने. दोन वर्षांत मत तीनदा फिरले. चारांपैकी फक्त दुसऱ्या मतदानाच्या दिवशी संसदेचे अधिवेशन चालू होते. दोन्ही वेळा तटस्थ राहिलो तेव्हा सभागृहांना कुलूप होते. मुद्दाम तसे झाले असे म्हणण्याला आधार नाही, न्यूयॉर्कचे वेळापत्रक दिल्ली ठरवत नाही. पण प्रश्न पटलावर येईपर्यंत महिना-दीड महिना उलटतो आणि पत्रकारही तोवर दुसऱ्या बातमीवर गेलेले असतात.

मंत्र्यांनी स्वतःहून निवेदन केले तरी लोकसभेच्या नियम ३७२ प्रमाणे त्या वेळी प्रश्न विचारता येत नाही. राज्यसभेत खुलासे मागण्याची प्रथा आहे, म्हणून निवेदन कोणत्या सभागृहात आधी होते यालाही अर्थ असतो. नियम १९३ खालची चर्चा बरी: युक्रेनवर ५ आणि ६ एप्रिल २०२२ रोजी अशी चर्चा झाली आणि बुचातील हत्यांचा निषेध, स्वतंत्र चौकशीला पाठिंबा ही दोन वाक्ये परराष्ट्रमंत्र्यांकडून सभागृहात नोंदली गेली. शेवटी मतदान नसते, तरी बोललेले वाक्य इतिवृत्तात राहते.

अधिवेशन नसताना चालू असते ती परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १० सदस्य, दरवर्षी नव्याने नेमणूक. मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, २०२५-२६च्या हिशोबाने सुमारे २०,५०० कोटी रुपये, तीच तपासते. सभागृहात त्या बहुधा चर्चेविनाच संमत होतात. समितीपुढे मंत्री येत नाहीत, परराष्ट्र सचिव येतात. बैठका बंद दाराआड, दैनंदिन कारभारात लक्ष घालायला मनाई, आणि राज्याच्या सुरक्षेच्या नावाने सरकार कागद नाकारू शकते. तरीही मनावर घेतले तर काम होते. डोकलाम येथील भारत-चीन लष्करी पेचावर २०१८ मध्ये याच समितीने आजी-माजी परराष्ट्र सचिवांना बोलावून सविस्तर अहवाल दिला. ब्रिटनच्या परराष्ट्र व्यवहार समितीसारखी उघडी साक्ष आपल्याकडे लगेच होईल अशी आशा मी धरत नाही, आणि काही बाबतींत, परदेशात अडकलेल्यांच्या सुटकेच्या वाटाघाटींत, बंद दार योग्यच असते.

म्हणून मागणी छोटीच आहे. संघर्ष आणि मानवी हक्क यांविषयी आमसभेत किंवा मानवी हक्क परिषदेत भारताने मत दिले, की त्याचे तिथे केलेले स्पष्टीकरण हिंदी-इंग्रजीत दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे. अधिवेशन नसेल तर सात दिवसांत स्थायी समितीकडे पाठवावे, आणि आधीच्या मतापेक्षा वेगळे मत दिले असेल तर एका परिच्छेदात कारण द्यावे. हे स्पष्टीकरण न्यूयॉर्कमध्ये जाहीरच वाचले जाते, त्यात गुपित काही नाही. घटनादुरुस्ती नको, कायदा नको. लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती यांच्या एकेका निर्देशाने भागते.

महाराष्ट्राच्या खासदारांनी सुरुवात करायला घरचाच विषय आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची निवड पुण्यात झाली. ज्या १८ देशांना जाताना कमी शिकलेल्या कामगाराला देशांतर मंजुरी घ्यावी लागते त्या यादीत इराक, येमेन, सीरिया आहेत, इस्रायल नाही. म्हणजे १९८३च्या देशांतर कायद्याची ती एक तपासणी इथे लागूच होत नाही. निवड राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत, सुरक्षा परराष्ट्र मंत्रालयाकडे. तेव्हा प्रश्न दोन लागतील, दोन वेगळ्या मंत्रालयांना, दोन वेगळ्या वारी: किती गेले, किती परतले, विमा कोणाचा, हल्ल्याच्या वेळी लपायला आश्रयस्थान नसलेल्या बांधकामावर कोणाला ठेवले आहे काय. मसुदा खासदारांच्या दिल्लीतल्या सहायकाकडे अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याआधीच पोचलेला बरा. पोर्टलवर नोटीस टाकतो तोच, आणि पंधरा दिवसांचा हिशोबही त्यालाच ठाऊक असतो.

आपला,
एक वाचक, ठाणे